काशम्माची हळदीची चिंधी

मी लग्न होऊन सोलापुरात आले ती एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात. बाळीवेशीच्या मागच्या अंगाला आमची गल्ली. येऊन आठ दिवस झाले नसतील, तेवढ्यात शेजारच्या घरातले गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. डोक्याला पांढरा रुमाल, कपाळाला विभूती, आणि दोन्ही हातांची बोटं पेरापर्यंत पिवळी-तपकिरी.

"बाई, मागची खिडकी लावून घ्या. आज भांडं ठेवतोय."

कसलं भांडं, मला काही कळेना. सासूबाईंनी आतूनच ओरडून सांगितलं, "लावते हो, अप्पा!" आणि मला म्हणाल्या, "ते तेजाब आटवतात. धूर आत येईल, खिडकी लाव."

ते वीरभद्रप्पा. धंद्यानं झारेकरी. सोनाराच्या दुकानातला केर, भट्टीतली राख, जळालेले कपडे, जुन्या जरीच्या साड्या, असलं सगळं घरी आणायचं आणि त्यातून चांदी-सोन्याचा कण न् कण काढून द्यायचा, हे त्यांचं काम. मूळचे मैंदर्गीचे. विशीत सोलापूरला आले, एका म्हाताऱ्या झारेकऱ्याच्या हाताखाली शिकले आणि मग याच घराच्या परसात पत्र्याची शेड टाकून बसले. मी आले तेव्हा पन्नाशी ओलांडलेली होती. मूलबाळ नव्हतं. घरात दोघंच, ते आणि त्यांची बायको काशम्मा अक्का.

पुढं पुढं मला त्यांचं काम बघायची सवय झाली. जरीची साडी आधी जाळायची. रेशीम राख होऊन जातं, चांदीच्या तारांचा गुंता मागं राहतो. तो शोऱ्याच्या तेजाबात, म्हणजे नायट्रिक ॲसिडमध्ये, टाकला की विरघळतो, तांबूस धूर उठतो. मग त्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडायची. चांदी भुकटी होऊन पट्टीला धरते. ती धुवायची, मुशीत वितळवायची, झाली शुद्ध चांदी. ऐकायला सोपं वाटतं. खरी मेहनत त्याच्या आधीची असायची. जोरदार तेजाब फक्त मोठ्या कारखान्यांना मिळे. असल्या घरगुती कारागिराच्या वाट्याला येई ते पातळ, पाणी मिसळलेलं. "याच्यात चांदी टाकली तर तिला नुसत्या गुदगुल्या होतात की," असं अप्पा म्हणायचे. म्हणून ते आटवायचं. शेगडीवर वाळूनं भरलेला तवा, वाळूत चिनी मातीचं पसरट भांडं, भांड्यात पातळ तेजाब. मंद आच. पाणी वाफ होऊन जातं, तेजाब मागं राहून दाट होत जातं.

पण एका ठिकाणी येऊन पाणी संपत येतं आणि वाफेबरोबर तेजाबही उठायला लागतं. त्या क्षणी भांडं उतरवलं नाही तर दिवसाची मेहनत हवेत जाते, आणि छातीत जाते ते वेगळंच. तो क्षण वासावरून कळतो. अप्पांना वास येत नव्हता. वीस वर्षं धुरात काढल्यावर त्यांचं नाक गेलं होतं. दूध करपलं काय, मोगरा फुलला काय, त्यांना सगळं सारखंच.

म्हणून भांडं ठेवलेल्या दिवशी काशम्मा अक्का स्वयंपाकघराच्या मागच्या उंबऱ्यात बसायच्या. समोर शेंगा फोडायला घेतलेल्या, नाहीतर ज्वारी निवडायला. अप्पा शेगडीपाशी, अक्का उंबऱ्यात. गप्पा कन्नडमध्ये चाललेल्या. आणि मधेच अक्का एकदम मान वर करून म्हणायच्या, "साकू, साकू!" म्हणजे पुरे. अप्पा त्याच क्षणी सांडशीनं भांडं उचलायचे. अर्ध्या मिनिटाची चूक होत नसे. आम्ही खिडकीच्या काचेतून बघायचो. मला तर तो खेळच वाटायचा.

बहात्तरच्या दुष्काळात त्यांचं काम फार वाढलं. आसपासच्या खेड्यांतून पेट्यांतल्या साड्या सोलापूरच्या सराफ बाजारात यायला लागल्या आणि तिथून अप्पांच्या शेडमध्ये. आठवड्यातून एकदा ठेवलं जाणारं भांडं रोज ठेवलं जाऊ लागलं. त्याच साली अक्कांचा खोकला सुरू झाला. आधी पहाटेचा, मग दिवसभराचा. आल्याचा काढा झाला, अडुळसा झाला. शेवटी अप्पा त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. मीही बरोबर होते, अक्कांचा हात धरायला.

डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारलं, "घरात काय जाळता तुम्ही?"

अप्पांनी सांगितलं. काहीही लपवलं नाही, अक्का उंबऱ्यात बसतात तेसुद्धा.

"वास घ्यायला बसवता यांना?" डॉक्टर म्हणाले. एवढंच. पुढं रागावले नाहीत. औषधं लिहून दिली आणि सांगितलं, "धूर बंद झाला पाहिजे. नाहीतर या औषधाचा उपयोग नाही."

येताना टांगा केला होता. घरी आल्यावर अप्पा सरळ परसात गेले, चिनी मातीचं भांडं पोत्यात गुंडाळलं आणि माळ्यावर टाकलं. वाळू गल्लीच्या तोंडाशी नेऊन ओतली. दुसऱ्या महिन्यात ते एका चादरीच्या कारखान्यात फाटकावर बसायला लागले. अंगात खाकी कोट. सोनारांनी निरोप धाडले, एकदोघं स्वतः आले. अप्पा हात जोडून सांगायचे, "आता ते नाही."

अक्कांना हे आवडलं नव्हतं. मला एकदा म्हणाल्या, "फाटकावर बसून माणूस वाळून चाललाय बघ. हाताला काम नाही." पण अप्पांसमोर त्यांनी तो विषय काढला नाही.

चौऱ्याहत्तरची दिवाळी होऊन गेली होती. एका दुपारी एक बाई गल्लीत घर विचारत आली. नऊवारी लुगडं, काखेत पाच-सहा महिन्यांचं मूल, हातात गाठोडं. मंगळवेढ्याहून सकाळच्या एस.टी.नं आलेली. नाव सोजरबाई. अप्पा त्या दिवशी घरी होते. मी अक्कांकडे बसले होते, म्हणून सगळं डोळ्यांदेखत घडलं.

तिनं गाठोडं सोडलं. आत डाळिंबी रंगाचा शालू. उलगडायला गेली तर घडीवरच फाटला. रेशमाला कसर लागून त्याची चाळण झाली होती. पदर आणि काठ तेवढे जसेच्या तसे, भारी जुन्या जरीचे.

"ह्यो माज्या लग्नातला," सोजरबाई म्हणाली. "माज्या लेकीनं बी हाच नेसला हुता. मुक्तानं. बाळंतपणात गेली ती, जेठात. ही तिची. सासरच्यांनी तिची पेटी परत धाडली, त्यात ह्यो निगाला."

मूल अक्कांकडे टक लावून बघत होतं.

"ह्याची चांदी काढून तिचा टाक करायचा हाय. सासरी तिची आठवण ठिवणारं कोण न्हाय, माज्या देवाऱ्यात बसंल. पर जातीय तितं सोनार म्हनत्यात, बाई, तुजा शालू दे, वजनावर चांदी ने. सगळ्यांची जर एकाच भांड्यात पडती म्हनं. मला दुसऱ्याची चांदी नको की. माज्या लेकीच्या अंगावरचीच पाह्यजे. एका सोनारानं तुमचं नाव सांगितलं. म्हनला, तेवढा एकच म्हातारा हाय येगळं काढून देणारा."

अप्पांनी पदराची जर बोटात धरली, नखानं खरवडली, उजेडात धरली. किती दिवसांनी त्यांचे हात जागे झाल्यासारखे दिसले. मग त्यांनी ती अलगद खाली ठेवली.

"बाई, मी ते काम सोडलंय. मला नाही जमायचं."

"व्हय का," ती म्हणाली. तिनं गळ घातली नाही, रडली नाही. गाठोडं बांधायला लागली. एका हातानं गाठ बसेना, म्हणून अक्कांनी मूल घ्यायला हात पुढं केले. मूल बिनबोभाट त्यांच्याकडे गेलं आणि त्यांच्या गळ्यातला इष्टलिंगाचा चांदीचा करंडा दोन्ही मुठींत धरून बसलं. अक्कांना उबळ आली. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं, मूल घाईघाईनं माझ्याकडे दिलं, आणि खोकून झाल्यावर पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "जेवून जा, सोजरबाई. कडक भाकरी आहे, शेंगांची चटणी आहे."

ती आत जेवायला बसली तेव्हा अक्का बाहेर आल्या.

"अहो, करून द्या तिला."

"आणि तुझी छाती?"

"मी आठ दिवस बहिणीकडे मैंदर्गीला जाते. मी घरातच नसले तर धूर कुणाला लागणार?"

"नाक कुणाचं आणू मग?"

"वीस वर्षांत डोळ्यांना काहीच शिकवलं नाही का तुम्ही?"

आतून सोजरबाईनं ते ऐकलं असावं. हात धुऊन ती बाहेर आली आणि म्हणाली, "अप्पा, वासाचं काय असंल तर म्या बसती की. मला काय हुतंय?"

"नाही!" अप्पा एवढ्या जोरात बोलले की मूल दचकलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "एकीची छाती घालवली मी, बाई. दुसरीची नाही घालवणार. शालू ठेवून जा. पंधरा दिवसांनी या."

दुसऱ्या दिवशी अक्का निघाल्या. जाताना त्यांनी अप्पांना बजावलं, "आठ दिवस मी हा उंबरा ओलांडणार नाही. पण तोवर काम संपवायचं." लग्नानंतर त्या घर सोडून चार दिवससुद्धा कुठं राहिल्या नव्हत्या. पिशवीत दोन लुगडी घेतली आणि गेल्या.

अप्पांनी कारखान्यातून रजा काढली. ओळखीच्या दुकानदाराकडून पातळ तेजाबाच्या पाच बाटल्या आणल्या. जुनं भांडं माळ्यावरच राहू दिलं. त्याच्या चिरेत कुणाची तरी चांदी अडकलेली असेल म्हणाले. कोरं भांडं आणलं, वाळूही नवी. आम्हाला खिडकी लावायला सांगितली आणि भांडं ठेवलं.

पहिल्या दिवशी दुपारी काहीतरी बिघडलं. मी काचेतून बघत होते. अप्पा भांड्यावर नजर लावून बसले होते, आणि एकदम दोन्ही हातांनी डोळे धरून मागं सरकले. कसंबसं भांडं उतरवलं तोवर तळाला थेंबभर राहिलं होतं. दोन बाटल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी धास्तीनं लवकर उतरवलं. ते इतकं पातळ निघालं की जरीचा तुकडा टाकला तर नुसता पडून राहिला. तिसऱ्या दिवशी त्यांनी शेगडी पेटवलीच नाही. परसातल्या दगडावर बसून राहिले. मी भिंतीवरून भाजीची वाटी दिली.

"डोळ्यांना पाण्याची वाफ आणि तेजाबाची वाफ एकच दिसते, बाई," ते म्हणाले. "ती नुसती वास घेत होती असं नाही. तिला आधीच कळायचं."

त्याच दिवशी साडेअकराच्या सुमाराला मी गल्लीच्या तोंडाच्या नळावर घागर लावून उभी होते. बघते तर काशम्मा अक्का! पिशवी नाही, काही नाही, मोकळ्या हातानं उभ्या. उन्हानं चेहरा लाल झालेला.

"अक्का, बरं नाही का?"

"मला काही झालेलं नाही. त्यांना बोलाव. मी आत येत नाही, शब्द दिलाय."

मी घागर तशीच टाकून पळत गेले. अप्पा अनवाणीच आले. दोघं नळापाशी उभी राहिली, मधे माझी घागर भरून वाहत होती.

"तेजाब संपलं का?" अक्कांनी विचारलं.

"दोन बाटल्या आहेत अजून. तू कशाला आलीस एवढ्या लांब?"

"ऐका. लुगड्यावर हळद सांडली की साबण लावल्यावर डाग लाल होतो, होय की नाही?"

"सगळ्यांच्याच लुगड्याचा होतो की."

"होतो. पण आपल्या घरी, तुम्ही भांडं ठेवलेलं असलं आणि ते लुगडं दांडीवर ओलं असलं, की तोच लाल डाग परत पिवळा व्हायचा. दर वेळी. मला वाटायचं उन्हानं होत असेल. काल विहिरीवर लुगडं धुतलं आणि वाळत घातलं. ऊन तर मैंदर्गीत जास्तच. दिवसभर बघितलं, डाग लालच्या लाल."

अप्पा त्यांच्याकडे बघतच राहिले.

"म्हणजे तो उन्हानं नव्हता होत," अक्का म्हणाल्या. "तुमच्या धुरानं होत होता. पांढरी चिंधी घ्या, हळदीत बुडवा, मग चुन्याच्या निवळीत. लाल होईल. ओली असतानाच भांड्याच्या वर हातभर टांगा. पाण्याची वाफ आहे तोवर लाल राहील. तेजाब उठलं की पिवळी पडेल. पडली की उचला. तुम्ही लांब बसा, वारा येतो त्या बाजूला."

अप्पा म्हणाले, "काशम्मा, हे वीस वर्षांपूर्वी का सुचलं नाही ग तुला?"

"वीस वर्षांत तुम्ही मला कधी मैंदर्गीला धुणं धुवायला पाठवलं होतं?"

असं म्हणून त्या हसल्या, आणि हसताना खोकल्या. अप्पांनी डोक्याचा रुमाल सोडून त्यांच्या हातात दिला. मी आमच्या घरातून पाण्याचा तांब्या आणला. त्या पायरीवर बसून पाणी प्यायल्या, पण समोर दहा पावलांवर असलेल्या स्वतःच्या घरात गेल्या नाहीत. दीडच्या एस.टी.नं परत निघाल्या. अप्पा त्यांना स्टँडपर्यंत पोचवायला गेले, हातात आमच्याकडच्या दोन भाकऱ्या आणि पायात माझ्या नवऱ्याच्या चपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भांडं ठेवलं. वर तारेला लाल चिंधी. एक वाळली की दुसरी. स्वतः दहा हात लांब, शेडच्या बाहेर पाटावर. मीही काचेला नाक लावून बसले होते. तीन तास काही झालं नाही. मग खालची कड आधी फिकी झाली आणि बघता बघता हळदीचा पिवळा रंग वर चढला. अप्पा उठले, भांडं उतरवलं. निवल्यावर त्यांनी एक लहान बाटली भरून काट्यात तोलली. त्याच बाटलीत पाणी भरलं की किती भरतं ते त्यांना पाठ होतं; त्याहून जितकं जड, तितकं तेजाब दाट. तोलून झाल्यावर ते माझ्या खिडकीकडे वळले आणि नुसती मान हलवली.

शालूचे काठ-पदर त्यांनी वेगळे जाळले. दोन दिवसांत चांदी निघाली. मग त्यांनी सगळं परस चुन्याच्या निवळीनं धुतलं, घर सारवलं, दारंखिडक्या दोन दिवस उघड्या टाकल्या आणि स्वतः जाऊन अक्कांना घेऊन आले.

सोजरबाई आली तेव्हा अक्का घरी होत्या. अप्पांनी कागदाची पुडी तिच्या हातावर ठेवली. आत बत्ताशाएवढी पांढरीशुभ्र चांदी.

"ही माज्या मुक्ताचीच नव्हं?"

"दुसऱ्या कुणाचा कणही नाही त्यात. भांडंसुद्धा कोरं होतं."

तिनं चांदी कपाळाला लावली. मग अप्पांनी दुसरी, अगदी चिमुकली पुडी काढली. "हेही तुमचंच. जरीवर सोन्याचं पाणी होतं, तेजाबात ते तळाला राहतं." आत मोहरीएवढा सोन्याचा मणी होता.

सोजरबाईला आपल्या शालूत सोनं होतं हेच ठाऊक नव्हतं. ती त्या मण्याकडे बघत राहिली आणि तेव्हा पहिल्यांदा तिचे डोळे भरले. अक्कांनी काळा दोरा आणला, अप्पांनी मणी पट्टीवर ठोकून त्याला बारीक कडी केली, आणि तो सोजरबाईच्या काखेतल्या नातीच्या गळ्यात बांधला. त्या मुलीचं नाव बाळाबाई ठेवलं होतं.

टाक मंगळवेढ्याच्या सोनारानं केला. तो दाखवायला सोजरबाई मुद्दाम परत आली. नाकात नथ असलेली, हात जोडलेली एक बाई, बोटभर उंच. "नाक तिच्यावानीच आलंय," ती म्हणाली. आम्ही मुक्ताला कधी बघितलं नव्हतं, तरी सगळ्यांनी "होय, होय" म्हटलं.

अप्पांनी फाटकाची नोकरी आणखी वर्षभर केली. मग तुळजापूर नाक्याच्या पुढं माळावर कुणाची तरी पडकी चुनाभट्टी भाड्यानं घेतली, वाऱ्याला आडोसा केला आणि परत काम सुरू केलं. चिंध्या मात्र घरी अक्काच रंगवून द्यायच्या, एका डब्यात भरून. भट्टीवर पाय ठेवायची त्यांना बंदी होती. खोकला कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. जिना चढताना त्या मधे थांबायच्या. अप्पाही त्याच पायरीवर थांबायचे, जसं काही त्यांनाच दम लागलाय.

सोजरबाई दर पौषात, गड्ड्याची जत्रा भरली की यायची. ज्वारीची एक पिशवी आणि बाळाबाई. दोन-तीन दिवस मुक्काम असे. एकोणऐंशी साली ती मुलगी साडेचार वर्षांची होती. जत्रेतून आणलेल्या चिंचा आणि रेवड्या अक्कांच्या मांडीवर बसून ती मोजत होती आणि अक्का तिला आपल्या कन्नडात शिकवत होत्या, "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु."

"आक्का, हिला बालवाडीत घातलीय," सोजरबाई म्हणाली. "बाई म्हनत्यात, पोरगी हुशार हाय, पर आकडे कुठल्या गावचे म्हनती कळत न्हाय."

अप्पा दारात चपला काढत होते. ते तिथंच बसून मोठ्यानं हसले. बाळाबाईनं रागानं त्यांच्याकडे बघितलं, आपण कुठं चुकलो असं वाटून सगळ्या रेवड्या परत एका ढिगात लोटल्या, आणि पहिल्यापासून मोजायला लागली.